मागच्या सीटवरची बडबड

प्रिय पुनम ताई,

जय भीम. तू माझाही फोन उचलत नाई, म्हणून शेवटी पत्र. अक्षर पाहून हसू नको, इंग्लिश मीडियमवाल्याकडून एवढंच भेटन.

न्यूज अशी, की आपली आई गाडी शिकून राह्यली! खरंच. मोहर्लीले सफारीच्या जिप्सी चालवायसाठी बायांची बॅच घेतली आहे. सोमवारी टेस्ट. पास झाली तर पहाटे मोहा वेचायले जंगलात जाणं सुटलं. नापास झाली तर तिची जागा दुसऱ्या बाईले.

पण स्टेअरिंग धरलं की ती शिकलेलं सारं विसरते. मी माइंडफुलनेसचा ऑनलाइन कोर्स केला आहे ना, मले वाटलं, हे तर आपलंच काम! बाजूले बसलो, म्हटलं, आई, एकदम शांत हो, बोलू नको, फक्त श्वासाकडे पाह्य. तर म्हणे, "श्वासाकडे पाहू का रस्त्याकडे?" विहारात ती किती वेळ डोळे मिटून बसते, तुले माहीत आहे. ते सांगितलं तर म्हणते, "तिथी क्लच नसते, बाबू." अन् गाडी बंद. मी जेवढा हळू बोलतो, तेवढी ती जास्त घाबरते. काऊन? कोर्समध्ये असं कुठीच नव्हतं.

मग एक दिवस मागं बॅचच्या बाया बसल्या. नवऱ्यांच्या चुगल्या, सासूच्या नकला, फुल गोंधळ. आई मधामधात त्यांले टोमणे हाणत, हसत, वळणं घेत गाडी सरळ तलावापर्यंत घेऊन गेली! मी पागल. विचारलं तर म्हणे, "जंगलात सारं चुप झालं की समजावं, वाघ जवळ हाये. तू चुप राह्य म्हणतं, अन् मले वाटते, आला वाघ." मोहा वेचताना तुम्ही दोघी झाडाझाडातून एकमेकींले सारख्या हाका मारत होत्या, ते मले तेव्हा आठवलं. तुझं तोंड तर बंदच होत नव्हतं.

आता टेस्टमध्ये मागं एकालेच बसू देतात. मी म्हटलं, मी बसतो. "तू नको, तू श्वास घ्यायले लावतं." बॅचमधली कोणी? तीही नको. मग कोण? आई उठून आत गेली.

काल ती मैदानात एकटीच गाडी फिरवत होती. मी लिंबाखाली उभा. तोंड चालू होतं तिचं, अन् मागची सीट रिकामी. जवळून गेली तेव्हा ऐकू आलं, "पुने, घट्ट धर, वळण हाये."

ताई, तू अजयभाऊसोबत लग्न केलं तेव्हापासून आईनं घरात तुझं नाव काढलं नाई. कोणी काढलं तर उठून जाते. मग हे काय? राग खरा का ही हाक खरी? मी फुल कन्फ्यूज आहे. तू सोमवारी वरोऱ्याहून सकाळची एसटी पकड. अजयभाऊले पण आण. माफी नको मागू, समजावू पण नको. फक्त मागं बस अन् बडबड कर.

तुझाच, सोमवारी एक शब्द न बोलणारा,
संघपाल