गोधडीचं पोट

९ ऑक्टोबर १९९४
बीडच्या गोधडी-प्रदर्शनाचा फॉर्म भरला! गट तीन – हातशिलाई, पायमशीन, मोटारमशीन. आपली पायमशीन. त्या गटात पहिली येईल तिला शिरूरच्या शिवणवर्गात शिकवायला घेणार. नाही जमलं तर दिवाळीनंतर ऊसतोडीला. ह्यांनी टोळीच्या मुकादमाला आम्हा दोघांच्या जोडीचा शब्द देऊन टाकलाय – मला न विचारता! म्हणजे आमच्या पोरीची, बबिताची सातवी गेली उसाच्या फडात. नंबर आला तर बघू, म्हणतात.

१६ ऑक्टोबर
गोधडी झाली. पाय सुजलेत. शेवटची वीतभर कड सासूबाईंनी उघडी ठेवायला लावली. आत भाकरीचा तुकडा घातला आणि सुईनं शिवून टाकली. आमच्यात गोधडी उपाशी ठेवत नाहीत.

२० ऑक्टोबर
मेले मी. बीडला गोधड्या तपासून घेणाऱ्या बाईंनी कडेवरून बोट फिरवलं आणि थांबल्या. हाताचे टाके – पायमशीनमध्ये बसत नाही! मग हातशिलाईत घ्या म्हटलं, तर बाकी सगळी मशीनची. तीन गट, आणि माझी गोधडी कुठंच नाही. तिथंच रडले. उद्या पाचपर्यंत पूर्ण मशीनची करून आणा म्हणाल्या. म्हणजे पोट उसवायचं. भरलेलं पोट कुणी उघडतं का? सासूबाईंना कुठल्या तोंडानं सांगू?

२१ ऑक्टोबर
बबिता सोबत होती, तिनंच सांगून टाकलं. सकाळी बघते तर सासूबाई ओट्यावर बसून टाके उसवताहेत. मी हात धरला.
"सोड. पोरीची शाळा ऱ्हायली पायजे. गोधडी ऱ्हाईल उपाशी."
वाळलेला तुकडा निघाला. तो पाण्यात भिजवून त्यांनी स्वतः खाल्ला. मी मशीनवर बसले, टीप काही सरळ येईना. पावणेपाचला पोचले कशीबशी.

२५ ऑक्टोबर
निकाल उद्या. 

२६ ऑक्टोबर
पहिला नंबर!! वर्ग दिवाळीनंतर सुरू. गोधडीही परत मिळाली. ह्यांना सांगितलं तर मुकादमाकडे जाऊन आले. मुकादम म्हणतो, एकट्या गड्याला टोळीत घेत नाही, जोडीच पाहिजे. आणि ह्यांना शब्द मोडवत नाही. आता काय करू? कुणाला विचारू? सासूबाई ऐकत होत्या.

९ नोव्हेंबर
सकाळी ट्रक आला. ह्यांच्या शेजारी सासूबाई चढून बसल्या. पासष्टीच्या आहेत. मांडीवर ती गोधडी, हातात माझा कोयता. मी धावले, तर एवढंच म्हणाल्या, "वर्गाला उशीर व्हईल."