रंगीचा मागचा डावा पाय

बेलापूर,
ता. ९ जानेवारी १९७१

ती. पुंजारामदादांस,

छगनचा दंडवत. जबड्याची सूज उतरली का? लंकावहिनी सांगत होत्या, दवाखान्यात दात तारेनं बांधलेत आणि चमच्यानं पेज घेता म्हणून. इकडं मी बरा आहे आणि आपली घोडीही बरी आहे. हे वाचून तुमचं डोकं फिरेल, पण खोटं कसं लिहू?

रंगीचा मागचा डावा खूर अजून ठणकतो. रोज सकाळी खरारा करतो, मग कढत पाण्यात कडुलिंबाचा पाला आणि मीठ टाकून तिचा पाय अर्धा तास बादलीत धरून बसतो. काल खुराच्या तळातून काळा पू निघाला. घाण अशी, की वहिनी नाकाला पदर लावून आत पळाल्या. त्यानंतर तिनं पाय नीट टेकला आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा कोंडा खाल्ला.

तुमची चिठ्ठी मिळाली. बोलता येत नाही तर लिहून धाडलंत, "कुऱ्हाडीला धार लावून ठेव. घोडीला मी आल्यावर बघतो." वा रे वा! तोंड बांधलं तरी हात शिवशिवतातच तुमचे.

दादा, घोडी माजलेली नाही. नाल मारायला नालबंदाला बोलवा म्हणून मी तुमच्या हातापाया पडलो होतो. "मला शिकवतो व्हय रं?" म्हणत माझ्या कानफटात दिलीत आणि स्वतःच ठोकायला बसलात. एक खिळा खुराच्या जित्या मांसात गेला. दुसऱ्या दिवसापासून ती लंगडायला लागली. मी खुराला हात लावला तर चटका बसला. तसं सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "नाटकं करती लई," आणि टांग्याला जुंपून स्टेशनापर्यंत चाबकानं सोलून काढलीत. ते वळ अजून ओले आहेत. हळद आणि तेल लावतो.

मग तो दिवस. नाल ढिली झाली असेल म्हणून तुम्ही तोच खिळा आणखी आत ठोकायला घेतलात. मी पुढं उभा होतो, तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून, पीळ देऊन. पीळ असला की घोडं जागचं हलत नाही, आपल्या आबांनीच शिकवलेलं. पहिल्या घावाला ती किंचाळली. घोडं असं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. "गप, सटवे!" म्हणत तुम्ही हातोडी तिच्या ढोपरावर घातलीत. एकदा नाही, तीनदा. हाडाचा आवाज मला पुढं ऐकू आला. थरथरत होती, पण हलली नाही. कशी हलेल? दोरी माझ्या हातात होती.

मी गावाला सांगितलं, दोरी निसटली. वहिनींना तेच सांगितलं, डॉक्टरलाही तेच.

दोरी मी सोडली, दादा. सोडायच्या आधी वाकून बघितलं, तुमचं तोंड कुठं आहे ते. तुम्ही पाय परत मांडीवर घेतलात, मान खाली घातलीत, आणि मी मूठ उघडली. तिनं लाथ झाडली, तुमचे दात अंगणात उडाले. तुम्ही रक्ताच्या गुळण्या टाकत मातीत लोळत होता, आणि मी आधी घोडीला पाणी दाखवलं. मग तुमच्याकडं आलो.

तुमच्या जबड्याचं वाईट वाटतं. एका आईच्या पोटचे आपण, वाटणारच. पण दोरी सोडल्याचं काही केल्या वाईट वाटत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. हात शेवटी तुमच्यासारखेच निघाले माझे.

कुऱ्हाडीला धार लावली आहे. तबेल्याच्या दारामागं ठेवली आहे, शोधावी लागणार नाही. चिठ्ठीत घोडी लिहिलंय तिथं छगन लिहा आणि या. तिला मात्र हात लावू नका, तिनं काही केलेलं नाही.

संध्याकाळी मी तिचा पाय बादलीत धरून बसलेलो असतो. तेव्हा माझी पाठ दाराकडं असते.

तुमचाच धाकटा,
छगन