धानामागची चिमणी

रविवार संध्याकाळ, तिरोडा

चित्रस्पर्धेसाठी धानाच्या बांध्या, आमची भातखाचरं, रंगवल्या, पण मागची वीजकेंद्राची चिमणी मी गाळली. चित्र सुंदर दिसावं म्हणून. हे खोटं झालं का?

आज आईला नागपूरच्या संग्रहालयात इंग्रज चित्रकारांची निसर्गचित्रं दाखवायला नेलं. मला पेन्सिल धरायला तिनंच शिकवलेलं. एका चित्रात हिरव्या कुरणामागे गिरणीचा काळा धूर होता. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "पाय वं, यानं धूर नाई लपवला. तू आपली चिमणी काऊन गिळली?"

लाजले. पण तो धूर चित्राला शोभतच होता!

घरी येऊन भीतभीत चित्रात चिमणी रंगवली. आई म्हणाली, "एवढीशीच? लाजून राहिली का ती?"

उद्या पूर्ण उंच करते. नंबर येवो न येवो, चित्र असंच देणार.