कोपराखालचा उडालेला रंग

ओउलू, ३ एप्रिल १९९८

ती. वेइक्कोकाका यांना साइलाचा सा. न. वि. वि.

बाबांची गिटार बसच्या पार्सलने पाठवली आहे. ते विशीत असताना तुम्हीच ती खास त्यांच्यासाठी घडवली, मग दुसऱ्या कुणाच्या हाती देणार? फक्त खालची तार खरखरते, तेवढी बघा. जूनमध्ये बाबांच्या रॉक बँडचे मित्र त्यांच्या आठवणीत मैफल करताहेत आणि बाबांच्या जागी मी वाजवणार आहे. आत्तापासून भीती वाटतेय. पण गिटार मांडीवर घेतली की बाबा जवळ बसल्यासारखे वाटतात.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो राहू द्या.
साइला

ताम्पेरे, २० मे

चि. साइला हिला अनेक आशीर्वाद.

अगं, खोकं उघडलं आणि जीव खालीवर झाला. काय दशा करून ठेवली होती तुझ्या बाबाने, रैमोने! कोपराखालचा रंग पार उडालेला, सिगारेटचे चटके, दांड्यामागे अंगठ्याने पडलेला खड्डा. माझ्या हातची वस्तू अशी बाहेर गेलेली मला सोसत नाही. सगळं घासलं, खड्डा भरला, नवं वार्निश चढवलं. आता पहिल्या दिवशी होती तश्शी! काकू म्हणते, हा माणूस ताटातल्या माशालाही पॉलिश करेल.

खरखर अर्थातच गेली. आता जोरात वाजव. आमचा लोभ तुला पुरून उरेल एवढा आहे.
वेइक्कोकाका

ओउलू, २६ मे

ती. काकांना सा. न.

खोकं उघडलं आणि मला गिटार ओळखूच येईना. काका, हे काय केलंत हो? मी एक तार सांगितली होती, एकच! त्या खड्ड्यात माझा अंगठा बरोब्बर बसायचा. बाबांचे कपडे आईने देऊन टाकले. आवाज रेकॉर्डवर आहे, पण तो साऱ्या गावाचा. एवढं एकच माझं होतं, तेही तुम्ही घासून टाकलंत. आता ही दुकानातली गिटार झाली. मी वाजवणार नाही, तसं बँडला कळवलंय. कृपा करून फोन करू नका.

लोभाचं काय लिहू, सुचत नाही.
साइला

ताम्पेरे, २ जून

चि. साइला, आशीर्वाद.

फोन नको म्हणालीस म्हणून लिहितो. आमच्या धंद्यात झिजलं म्हणजे बिघडलं. दुसरा विचार येतच नाही. पण खरं सांगू? इस्पितळात रैमोचे हात पाहिले होते, नुसती हाडं. गिटार घासताना वाटायचं, तो विशीतला रैमो दाराशी उभा राहून घाई करतोय, विचारतोय की झाली का रे एकदाची. मला माझा भाऊ धडधाकट परत हवा होता गं. त्यापायी तुझे बाबा पुसतोय, हे डोक्यातच आलं नाही. भुसा नेहमीसारखा सौनाच्या न्हाणीघरातल्या चुलीत घातला. तुला परत द्यायला माझ्याकडे चिमूटभरही उरलेलं नाही.

रागाव, तुझा हक्क आहे. लोभ मागायला तोंड नाही.
वेइक्को

ओउलू, ९ जून

ती. काकांना सा. न. वि. वि.

राग आहेच, उगाच गैरसमज नको. पण तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं आणि ती ढसाढसा रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग मी बँडला पुन्हा कळवलं, की येते.

गिटारच्या नव्या वार्निशवर अंगठा निसटतो, सूर चुकतात, मैफलीतही चुकतील. तुम्ही दोघं या आणि पुढे बसा. हत्यारांची पेटी मात्र घरी ठेवायची. यापुढे हिच्यावर जे ओरखडे पडतील ते माझे. त्यांना हात लावाल तर खबरदार!

लोभ आहे, पण सध्या तो जरा दुखतोय.
साइला