दोन रिंगांचा अर्थ

कोल्हापूर, १६ ऑगस्ट २००७

आई, तुला सोनमचा जयभीम.

मी बरी हाय. मेसचं जेवण आता अंगाला लागतंय. तुझं तुलाच वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितीय. अण्णांकडनं वाचून घेऊ नको.

बायका मोबाईलवर काय वाचतात, काय लिहितात, हा माझा अभ्यास तुला ठाऊकच हाय. इथल्या कारखान्याच्या वसाहतीतल्या बायकांना अक्षर येत न्हाय, पण मिस्ड कॉलची त्यांची भाषा हाय. एक रिंग म्हणजे पोचले. दोन म्हणजे मला न्यायला या. हे मला चिमणाबाईनं विश्वासानं सांगितलं.

रविवारी वसाहतीत माझा कार्यक्रम झाला. ह्या बायका अडाणी न्हाईत, हे दाखवायच्या नादात मी कुठल्या रिंगचा काय अर्थ, तो सगळा तक्ता मोठ्यानं वाचला. नाव कुणाचंच घेतलं न्हाय. पण चिमणाबाईचा नवरा पुढंच बसलेला. मारहाण झाली की मेव्हणा नेमका कसा टपकतो, ते त्याला तिथंच कळलं.

तिचा मोबाईल त्यानं काढून घेतला. चार दिवस दाराला बाहेरनं कडी हाय. तिच्या भावाचा पत्ता कुणी सांगंना, मला बघून बायका दारं लावतात. भाऊ शिरोळकडचा, एवढंच ठाऊक. उद्या एस.टी.नं जाऊन गावोगाव विचारणार हाय.

माझा अभ्यास तपासणारे सर म्हणाले, लिहिलेलं प्रकरण उत्तम झालंय.

शेळी व्याली का? अण्णांचा खोकला कसा हाय?

आणि आई, तू मामाला तीन रिंगा द्यायचीस. त्या कशाच्या, ते मला कधीच सांगू नको. मी लिहून ठेवीन.

तुझीच,
सोनम