जर्मनीतल्या आईचं परीक्षण

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं तुझं परीक्षण वाचलं. धन्य आहेस! सख्ख्या भावाच्या पहिल्याच कादंबरीची अशी सालटी काढणारी बहीण शोधून सापडायची नाही. माझी जर्मनी कॅलेंडरवरची, माझा बर्फ कापसाचा, बरं, मान्य. मी कधी गेलोय तिथे! पण ‘ही आई जर्मन नाही, लेखकाच्याच घरातली आहे’ हे छापायची काय गरज होती?

तू आईच्या मनाविरुद्ध लग्न केलंस, भेटायला आलीस तर तिने दार उघडलं नाही, तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. तिला ओळखू येऊ नये म्हणूनच मी सगळं उचलून जर्मनीत नेलं. आई रोज दुपारी वाचत होती. ती बाई मुलीला दाराबाहेर ठेवते तिथे तर म्हणाली, कसली मेली कठोर बाई, येऊ दे की पोरीला आत. मला वाटलं, शेवटापर्यंत पोचली की विरघळेल, तुला बोलावेल. आणि तुझी पुरवणी आली. तिने पुस्तक मिटलं, माझ्याकडे पाहिलं नि उठून गेली. सगळ्यावर पाणी फिरवलंस.

लोभ असावा असं लिहायचं जिवावर आलंय, तरी लिहितो.
धाकटा

९ मार्च

चि. लेखकमहाशयांस,
अ. उ. आ.

मला शहाणपणा शिकवू नकोस. परदेशावरच्या कादंबऱ्यांची परीक्षणं लिहिण्यात माझी हयात गेली. साखरेच्या डब्याला कुलूप लावणारी जर्मन बाई पहिल्यांदाच भेटली! ती भिजलेली बॅग माझी, बंद दारावरून परत फिरणं माझं. ते पुस्तकात घालताना मला एका शब्दाने विचारलंस?

वर शेवटच्या पानावर आई धावत येऊन दार उघडते! कुणाची रे ही आई? म्हणून लिहिलं मी, शेवट खोटा आहे, असली आई दार उघडत नाही. पुन्हा लिहायची वेळ आली तर तेच लिहीन. ती वाचतेय हे आधी कळवायला काय धाड भरली होती तुला? आता रडू येतंय, आणि त्याचाही राग येतोय.

राग निवळला तर लोभ आहेच.
ताई

१६ मार्च

चि. ताईस,
आशीर्वाद.

पत्ता धाकट्याकडून घेतला. त्याने मला जर्मनीत नेऊन बसवलं, तू चव्हाट्यावर मांडलंस. छान पांग फेडलेत दोघांनी! कुलपाचं लिहायचंच होतं तर साखरेचे बकाणे कोण भरायचं तेही लिहायचंस.

राहिलेलं पुस्तक काल वाचून काढलं. धाकटा अगदीच भाबडा. या वयात अशी धावत कोण जातं? गुडघे असतात माणसाला. पण तू कोण गं ठरवणार, असली आई दार उघडत नाही म्हणून? त्या दिवशी एकदा बेल वाजवलीस आणि चालती झालीस. मी कडी काढून बाहेर आले तर जिना रिकामा. जरा थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू बघ.
आई