सरळ रस्त्यावर सर्वात वेगवान

प्रिय झेलिंदाताई,

धाकट्या एर्मेतेचा नमस्कार. तुझे गुडघे कुरकुर न करोत, कोंबड्या अंडी देत असोत आणि शेजारणीशी अबोला अजून टिकून असो. इकडे आम्ही आहोत. (ठीक आहोत, असं लिहिणार होतो.)

आज सकाळी गावात घंटा वाजल्या, त्या मला फोनवर ऐकू आल्या. तू अभिनंदन म्हणालीस, मागे बायका ग्लास आपटत होत्या, आणि मी फोन ठेवला. लाइन गेली नव्हती, ताई. नंतरचे तुझे फोनही मीच उचलले नाहीत. म्हणून हे पत्र.

घोळ मुळापासून सांगतो. (तू म्हणशील, मुद्द्यावर ये. येतोच आहे.) गेल्या वर्षापर्यंत आपल्या शर्यतीच्या गाडीच्या पोटाखालून वारा असा पळायचा की गाडी रस्त्याला चिकटून बसायची. फार चिकटली की आपटायची, उसळायची, पुन्हा आपटायची. तुझ्या दुइलियोची पाठ त्यानेच गेली. तूच कापूर चोळायचीस. सगळ्या ड्रायव्हरांनी बोंब मारली, तेव्हा नियमवाल्यांनी फर्मान काढलं: पोट बोटभर वर उचला, मागचा पंख लहान करा. पाठी वाचल्या, तू देवळात मेणबत्ती लावलीस. पण गाडीला धरून ठेवणारा वाराच कमी झाला. आता पंख आडवा येत नाही म्हणून सरळ रस्त्यावर ती सुसाट सुटते, आणि वळण आलं की कामाच्या वेळी जावयाने घ्यावं तसं अंग काढून घेते.

दुइलियोने सरावातच मला सांगितलं होतं, "मामा, वळणावर ही माझी राहत नाही."

मी म्हणालो, "मग ब्रेक आधी लाव." तो हसला. तुझ्यावर गेलाय. सगळं ऐकून घेतो आणि स्वतःला हवं तेच करतो.

आज सरळ रस्त्यावर त्याने सगळ्यांना मागे टाकलं. रेडिओवाल्याने आजवरचा सर्वात जास्त वेग म्हणून सांगितलं, आणि आपली गाडी पुढे आली की घंटेचा दोर ओढायची सवय लागलेले आपले फादर सावीनो वळण येईपर्यंतही थांबले नाहीत. पुढचं रेडिओवर काय सांगितलं, ते त्या आवाजात गावात कोणी ऐकलं नसणार. घंटा वाजत होत्या तेव्हा दुइलियो वळणाच्या कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीत घुसलेला होता. फादरना बोलू नकोस. सरळ रस्त्यावर पुढे तो शर्यतीत पुढे, हा हिशेब नव्या नियमाने मोडला, हे त्यांना कोण सांगणार? मला आधी त्यांचा राग आला, मग रडू आलं.

त्याच्या पायाला लागलं आहे. शुद्धीवर आहे, इस्पितळातल्या कॉफीला नावं ठेवतो. काळजी नसावी. टेबलं मांडली असशील तर लोकांना जेवू घाल, लाटलेल्या तालियातेल्लेच्या शेवया वाया घालवू नकोस.

तुझा,
एर्मेते

ता. क. काळजी नसावी, हे सवयीने लिहिलं गेलं. उजवा पाय गुडघ्याखाली राहत नाही. डॉक्टरांना तो दिवस मावळायच्या आत काढायचा आहे, नाहीतर पोरगा हातचा जाईल. आणि तो सही करत नाही. म्हणतो, "आईने समोर येऊन सांगितलं, तरच."

ता. क. दुसरा. पत्र आणणारा नेल्लो आमचा मेकॅनिक. त्याला काही विचारू नकोस, त्याला अजून रडू आवरत नाही. जेवायलाही बसवू नकोस. एप्रन सोडत बसू नकोस, ताई. त्याच्या गाडीत बस.